बेअरिंगवरचा आकडा

यंत्र बंद पडते ते बहुधा एखाद्या लहानशा भागापायी. मोटरचे वाइंडिंग जळाले, ओतीव सांगाड्याला तडा गेला किंवा मुख्य शाफ्टच वाकला, असे प्रसंग घडतात, पण ते विरळा. एरवी पंप गळू लागतो तो गळती अडवणाऱ्या अंगठीएवढ्या सीलमुळे, ग्राइंडर किंचाळू लागतो तो शाफ्ट अलगद फिरता ठेवणाऱ्या बेअरिंगमुळे आणि कपडे धुण्याचे यंत्र फिरेनासे होते ते पट्टा ढिला पडल्यामुळे किंवा मोटरमधले कार्बन ब्रश झिजून संपल्यामुळे. यंत्राच्या किमतीच्या मानाने हे भाग अगदीच किरकोळ असतात. तरीही ते शोधताना माणसाला इतकी वणवण करावी लागते आणि इतके परस्परविरोधी भाव ऐकावे लागतात, की शेवटी कंटाळून तो नवे यंत्रच घेऊन टाकतो. या कंटाळ्याचे कारण मला भावांपेक्षाही दुसरीकडे दिसते. आपल्याला नेमके काय हवे आहे, हेच त्याला दुकानात सांगता आलेले नसते.

लहान यंत्रे स्वतः उघडून दुरुस्त करू लागले, तसतशी एक गोष्ट माझ्या मनात पक्की होत गेली. ज्या कंपनीचे नाव यंत्रावर असते, ती कंपनी त्या यंत्रातला प्रत्येक भाग बनवत नाही आणि तसे करणे तिला परवडणारही नाही. सांगाडा, झाकण, काही गिअर आणि एखाददुसरा खास आकाराचा दांडा तिचा स्वतःचा असतो. बेअरिंग, ऑइल सील, पट्टा, सर्क्लिप, ओ-रिंग, कपॅसिटर, नट-बोल्ट हे सारे ती इतरांकडून घेते, आणि ते इतर लोक या वस्तू ठरलेल्या मापांत, शेकडो वेगवेगळ्या यंत्रांसाठी बनवत असतात. त्यामुळे एकच वस्तू बाजारात दोन प्रकारे विकली जाते. एका ठिकाणी ती ‘अमुक मॉडेलचे बेअरिंग’ म्हणून कंपनीच्या पिशवीत मिळते, तर दुसऱ्या ठिकाणी केवळ एका आकड्याने ओळखली जाते. पहिल्या वस्तूच्या किमतीत पिशवी, साठवणूक आणि कंपनीचे नाव धरलेले असते. दुसरीच्या किमतीत फक्त ती वस्तू असते. स्वस्तात सुटे भाग मिळवण्याची सुरुवात म्हणूनच दुकानात होत नाही. ती यंत्र उघडलेल्या टेबलावर, जुना भाग हातात धरून होते.

बेअरिंगचेच पाहू. ते म्हणजे एकात एक बसणारी दोन कडी आणि त्यांच्यामध्ये फिरणाऱ्या पोलादी गोळ्या. ओढून काढलेले बेअरिंग ग्रीस आणि काळ्या चिकट मळाने माखलेले असते. रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने त्याची कड पुसली आणि उजेडात जरा तिरके धरले की, बाहेरच्या कड्यावर किंवा रबराच्या झाकणावर बारीक अक्षरे उमटलेली दिसतात, उदाहरणार्थ ‘६२०३ २आरएस सी३’. अनोळखी माणसाला हा कारखान्यातला कुठला तरी अंतर्गत क्रमांक वाटतो, पण त्यात त्या वस्तूची जवळजवळ संपूर्ण ओळख सामावलेली असते. पहिला ६ सांगतो की हे खोल खाचेचे साधे बॉल बेअरिंग आहे, पुढचा २ त्याच्या जाडी-रुंदीची श्रेणी सांगतो आणि शेवटचे ०३ आतल्या भोकाचा व्यास सांगतात. इथे एक नियम लक्षात ठेवावा लागतो: ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे त्या आकड्याला ५ ने गुणायचे, म्हणजे ०४ चे भोक २० चे आणि ०५ चे २५ चे. ६२०३ कोणत्याही देशात, कोणत्याही कारखान्यात तयार झालेले असो, ते आतून १७, बाहेरून ४० आणि रुंदीला १२ मिलिमीटरच भरते. इतके काटेकोर एकमत माणसांनी फार थोड्या गोष्टींवर केले आहे, आणि आपल्या कामाच्या टेबलावर त्याचा फायदा फुकट मिळतो, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

आकड्यानंतरची अक्षरे मात्र पुष्कळ जण सोडून देतात आणि तिथेच फसतात. ‘२आरएस’ म्हणजे दोन्ही बाजूंना रबराचे सील, आणि ‘झेडझेड’ म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचे झाकण. पत्र्याचे झाकण आतल्या कड्याला टेकत नाही. त्यामुळे घर्षण कमी होते, पण त्या फटीतून धूळ आणि पाणी आत शिरू शकते. रबराचे सील टेकते, म्हणून ते पाणी अडवते, पण फार वेगाने फिरणाऱ्या ठिकाणी तेच घासून गरम होते. पाण्याजवळच्या पंपात झेडझेड बसवले तर माप चोख असूनही ते लवकर गंजते. ‘सी३’ याचा अर्थ गोळ्या आणि कडी यांच्यामध्ये नेहमीपेक्षा किंचित जास्त खेळ, म्हणजे सैल जागा, ठेवलेली आहे. मोटरचा शाफ्ट आणि आतले कडे तापून फुगले तरी बेअरिंग आवळले जाऊ नये, यासाठी ही सोय असते. त्यात आणखी एक गुंता असा की, कंपन्या या झाकणांना वेगवेगळी अक्षरे देतात. एकीच्या डब्यावर २आरएस असेल तर दुसरीच्या डब्यावर डीडीयू आणि तिसरीच्या डब्यावर एलएलयू असेल. वस्तू एकाच कामाची, रबरी सीलचीच. हे ठाऊक नसलेला गिऱ्हाईक ‘हवे ते मिळाले नाही’ म्हणून चांगला माल सोडून परत येतो.

आकडा झिजून गेला असेल तर व्हर्नियर कॅलिपर (वस्तू जबड्यांत धरून बारीक मापे घेण्याचे साधन) काढावा. सुटे भाग शोधणाऱ्या माणसाने आधी एकच हत्यार घ्यायचे असेल, तर मी पाना किंवा पक्कड न सांगता व्हर्नियरच सांगेन. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी ही तीन मापे मिळाली की तक्त्यात पाहून बेअरिंगचा क्रमांक सापडतो. मात्र माप घेताना डोळ्यांवर विसंबू नये, कारण काही अपवाद मुद्दाम घडवलेले असतात. ६२०३ चाच एक प्रकार आतून १७ मिलिमीटरऐवजी पाच अष्टमांश इंचाचा, म्हणजे १५.८७५ मिलिमीटरचा मिळतो आणि त्याच्या क्रमांकापुढे ‘-१०’ असे लिहिलेले असते. तो शेपटीचा आकडा न वाचता साधे ६२०३ आणले तर ते बाहेरून आपल्या घरात, म्हणजे यंत्राच्या सांगाड्यातल्या त्याच्या पोकळीत, नेमके बसते आणि शाफ्टवर खुळखुळते.

जुना भाग हातात असतानाच आणखी एक चौकशी करायची असते, ती म्हणजे तो गेला कशाने? बेअरिंगची कडी निळसर किंवा तपकिरी पडली असतील तर ते तेलाग्रीसशिवाय चालून तापलेले असते. आत तांबूस गंज असेल तर दोष बेअरिंगचा नसून त्याच्या अलीकडच्या सीलचा असतो. झीज एकाच बाजूला असेल तर पुली वाकडी बसली आहे किंवा पट्टा वाजवीपेक्षा जास्त ताणला आहे, असे समजावे. ही चौकशी टाळून केवळ स्वस्त बेअरिंग शोधले तर ते मिळतेही, बसतेही आणि त्याच कारणाने पुन्हा जाते, आणि मग लोक स्वस्त मालाला बोल लावतात. बसवतानाही हेच. शाफ्टवर चढवताना दाब आतल्या कड्यावर आणि घरात बसवताना बाहेरच्या कड्यावर द्यायला हवा. उलट केले तर सगळा ठोका गोळ्यांमधून जातो, खाचेत बारीक खळगे पडतात आणि कोरे करकरीत बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुरगुरते.

ऑइल सीलची ओळख तर बेअरिंगहून सोपी असते. त्याच्या अंगावर तीन आकडे ओळीने लिहिलेले असतात, समजा २५×४०×७. पहिला आकडा शाफ्टचा, दुसरा घराच्या भोकाचा आणि तिसरा जाडीचा. माप जुळले की पुढचा प्रश्न रबराचा येतो. नेहमीचे नायट्रायल रबर साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते आणि बहुतेक लहान यंत्रांना तेवढे पुरते. इंजिनाच्या तापत्या भागाजवळ फ्लोरोकार्बन रबराचे, म्हणजे बाजारात व्हायटॉन म्हणून ओळखले जाणारे सील लागते. ते बरेच महाग असते, आणि जिथे ते खरोखर लागते तिथे त्यावर केलेली काटकसर टिकत नाही. सील बदलण्याआधी शाफ्टवरून नख फिरवून पाहावे, कारण जुन्या सीलच्या ओठाने, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या रबरी कडेने, तिथे खाच पाडलेली असू शकते. तशी खाच लागली तर कितीही चांगले नवे सील त्याच जागी गळणार. ते घरात किंचित मागे किंवा पुढे बसवून ओठ कोऱ्या पृष्ठभागावर येतो का, हे आधी बघावे.

इथे स्वस्त आणि महाग यांचा हिशेब बदलतो. सील ही क्षुल्लक किमतीची वस्तू असते, पण कपडे धुण्याच्या यंत्रात तिच्यापर्यंत पोहोचायचे तर ड्रम बाहेर काढावा लागतो आणि त्यात कित्येक तास जातात. म्हणून एखादा भाग कितीला मिळतो यापेक्षा तो कुठे बसतो हे मी आधी पाहते. चार स्क्रू काढले की हाताशी येणारा भाग स्वस्तातला घेऊन पाहायला हरकत नाही; तो गेला तर पुन्हा बदलता येतो. यंत्राच्या पोटात खोल बसणारा भाग मात्र मिळेल तितका चांगला घ्यावा आणि ड्रम एकदा निघालाच असेल तर सील आणि दोन्ही बेअरिंग एकदमच बदलून टाकावी, मग त्यातले एखादे अजून ठीक वाटत असले तरीही.

नट-बोल्टांची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे एकमत व्हायला फार काळ लागला आणि जुन्या मतभेदांचे अवशेष अजून आपल्या डब्यांतून सापडतात. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४१ मध्ये आट्यांचे, म्हणजे बोल्टावरच्या गोल फिरत जाणाऱ्या खाचांचे, माप आणि कोन ठरवून द्यावेत असा प्रस्ताव मांडला. त्याच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा होता. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंशांचा आटा सुचवला, कारण त्याच्या मते तो बनवायला आणि मोजायला सोपा होता. मेट्रिक मापाच्या आट्यावर युरोपातल्या अभियंत्यांचे एकमत १८९८ च्या झुरिक परिषदेत झाले आणि त्यातही कोन ६० अंशांचाच राहिला. ही माहिती पुस्तकी वाटेल, पण अर्धा इंच व्हिटवर्थ बोल्टाला इंचामागे १२ आटे आणि अर्धा इंच अमेरिकन बोल्टाला १३, एवढ्या एका फरकामुळे नट दोन-तीन फेरे गुण्यागोविंदाने जातो आणि मग अडकून बसतो, हा अनुभव जुनी यंत्रे उघडणाऱ्या प्रत्येकाच्या हाताला कधी ना कधी येतो. फेब्रुवारी १९०४ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात मोठी आग लागली, तेव्हा शेजारच्या शहरांमधून बंब धावून आले, पण पुष्कळ बंबांच्या नळ्यांचे जोड तिथल्या पाण्याच्या तोट्यांना बसेनात. आट्यांमधल्या फरकाची इतकी मोठी किंमत क्वचितच कुणी मोजली असेल.

घरगुती यंत्रांत सर्वांत फसवी जोडी म्हणजे एम ८ हा मेट्रिक बोल्ट आणि पाच सोळांश इंचाचा बोल्ट. एम ८ चा व्यास ८ मिलिमीटर आणि पाच सोळांश इंचाचा ७.९४, डोळ्यांना हा फरक कळणे शक्य नाही. पण एम ८ च्या नेहमीच्या जातीत दोन आट्यांमधले अंतर १.२५ मिलिमीटर असते आणि पाच सोळांशाच्या नेहमीच्या जातीत ते १.४१ असते. पाना लावून जबरदस्ती केली तर बोल्ट आत जातो खरा, पण अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव भागातले आटे कायमचे जातात, आणि मग काही पैशांच्या बोल्टासाठी आख्खा भाग बदलायची पाळी येते. आटा मोजण्याचा गेज, म्हणजे दातेरी पत्त्यांचा छोटा जुडगा, या संकटातून वाचवतो. तो जवळ नसेल तर ज्याचे माप नक्की माहीत आहे असा बोल्ट शेजारी धरून दाते दात्यांत बसवून उजेडासमोर पाहावे. कुठेही फट दिसली नाही तरच ते एक.

बोल्टाच्या माथ्यावरचा आकडाही वाचायचा असतो. ८.८ असे लिहिलेले असेल तर पहिला ८ सांगतो की तो दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताण सोसून मग तुटेल, आणि दुसरा ८ सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांना, म्हणजे ६४० ला, तो कायमचा ताणला जाऊ लागेल. १०.९ त्याहून बळकट. ज्या बोल्टाच्या माथ्यावर काहीच लिहिलेले नाही तो झाकणाला, पट्टीला, हँडलला खुशाल लावावा; गवत कापायच्या यंत्राचे पाते ज्या बोल्टावर फिरते तिथे किंवा मोटर जिथे टांगलेली असते तिथे तो लावू नये. सुट्या बोल्टांच्या बाजारात किलोवर माल मिळतो आणि तो खरोखर स्वस्त पडतो, पण त्या ढिगात माथ्यावर आकडा असलेले आणि नसलेले बोल्ट एकत्र मिसळलेले असतात. ते निवडायला बसणे हा वेळेचा अपव्यय आहे असे मला कधीच वाटलेले नाही.

पट्ट्यांबद्दल थोडक्यात सांगता येईल. व्ही पट्ट्याच्या ए जातीची वरची रुंदी १३ मिलिमीटर आणि उंची ८, बी जातीची १७ आणि ११. ‘ए ४२’ असे लिहिले असेल तर ४२ ही आतल्या बाजूची लांबी इंचांत आहे. पट्ट्यावरची छपाई पुसली गेली असेल तर जुना पट्टा मोजून नवा मागवू नये, कारण तो वापरात ताणलेला असतो. मोटर ज्या खाचेत मागेपुढे सरकते तिच्या मध्यावर आणावी, दोन्ही पुल्यांभोवती न ताणणारी दोरी फिरवून माप घ्यावे आणि दुकानदाराला हे माप पुलीच्या कडेवरचे, म्हणजे बाहेरचे आहे हे स्पष्ट सांगावे. पुलीच्या खाचेचा तळ चकाकत असेल तर पट्टा तळाला टेकून घसरतो आहे, म्हणजे पुलीच झिजली आहे, आणि अशा वेळी नव्या पट्ट्यावर केलेला खर्च वाया जातो.

विजेचे भाग स्वस्तात शोधताना मी जास्त सावध होते. पंखा मंद फिरू लागला किंवा पंपाची मोटर नुसतीच गुणगुणू लागली की पुष्कळदा दोष कपॅसिटरचा असतो, आणि तो बदलणे सोपे असते: मायक्रोफॅरडचा आकडा जुन्याइतकाच ठेवायचा आणि व्होल्टचा आकडा जुन्याइतका किंवा त्याहून जास्त घ्यायचा. हात लावण्याआधी वीज तोडून कपॅसिटर डिस्चार्ज करून घ्यायचा, कारण वीज तोडल्यावरही त्यात भार उरलेला असू शकतो. सुरू होण्यापुरता लागणारा कपॅसिटर आणि सतत चालणारा कपॅसिटर या दोन निराळ्या वस्तू आहेत. पहिला काही सेकंदांसाठी बनवलेला असतो, तो दुसऱ्याच्या जागी लावला तर तापून फुटतो. ग्राइंडरच्या चाकावर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगापेक्षा कमी असता कामा नये, आणि राळेत बांधलेल्या चाकांच्या मधल्या धातूच्या कड्यावर वापराची शेवटची तारीख कोरलेली असते, तीही पाहावी. जुना साठा सवलतीत विकायला निघतो तेव्हा ही तारीख कुणी सांगत नाही. ब्रेक, फ्यूज, दाब सोडणारे व्हॉल्व्ह आणि वेगाने फिरणारी चाके या चार ठिकाणी मी भाव विचारते, पण निर्णय भावावर करत नाही.

आता प्रत्यक्ष बाजार. अधिकृत विक्रेत्याकडे भाग महाग मिळतो हे खरे असले तरी त्याच्याकडून सुरुवात करण्यात शहाणपण आहे, कारण यंत्राचे सगळे भाग सुटे करून दाखवणारी आकृती आणि प्रत्येक भागाचा क्रमांक त्याच्याकडे असतो. कित्येक कंपन्या ही आकृती इंटरनेटवरही ठेवतात. तिच्यावरून आपल्या हातात आलेला भाग मूळचाच आहे की आधीच्या कुणा मिस्त्रीने जुगाड करून बसवलेला आहे, हे कळते. आणि मागच्या जुगाडाचे माप घेऊन नवा जुगाड विकत आणण्याची नामुष्की टळते. नंतर बेअरिंग, सील आणि पट्टे एवढाच धंदा करणारी दुकाने पाहावीत. अशा दुकानात यंत्राचे नाव सांगून उपयोग नसतो. तिथला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ‘ताई, नमुना आणलाय का?’ हा, आणि नमुना हातात पडताच तो व्हर्नियर न लावताही बहुतेक वेळा बरोबर क्रमांक सांगतो. ही नजर वर्षानुवर्षे काउंटरमागे उभे राहून आलेली असते. तिचा उपयोग करून घ्यायचा, क्रमांक लिहून घ्यायचा आणि थोडक्या पैशांसाठी तोच भाग ऑनलाइन मागवायचा, हे मला रुचत नाही. त्या माणसाच्या ज्ञानामुळे आपली चूक टळलेली असते, आणि भावातला तो फरक म्हणजे त्या सल्ल्याचा मोबदला आहे असे मी धरते.

ऑनलाइन खरेदीचा खरा उपयोग होतो तो माप पूर्ण ठाऊक असताना आणि जवळपास ती वस्तू नसताना. तिथे छायाचित्र पाहून घेऊ नये. विक्रेत्याने माप लिहिलेले नसेल तर विचारावे, आणि त्याने ‘सगळ्या मॉडेलना बसेल’ असे उत्तर दिले तर पुढे जावे, कारण सगळ्यांना बसणारे सील अजून कुणी बनवलेले नाही. एका लहान भागावर टपालखर्च त्याच्या किमतीहून जास्त पडतो, म्हणून मी हव्या असलेल्या वस्तूंची यादी साचू देते: ओ-रिंगांचा मिश्र डबा, वेगवेगळ्या मापांच्या सर्क्लिप, कार्बन ब्रशची जोडी, कार्ब्युरेटरच्या पडद्यांचा संच. संच आणि सुटे यांच्या भावांचीही तुलना करावी. कार्ब्युरेटरच्या बाबतीत संच जवळजवळ नेहमीच परवडतो, पण सीलच्या ‘पूर्ण संचात’ पुष्कळदा दोनच सील कामाची असतात.

नकली मालाबद्दल बोलताना एक भेद करायला हवा. कमी नावाजलेल्या कंपनीने स्वतःच्या नावाने विकलेला स्वस्त भाग आणि नावाजलेल्या कंपनीचे नाव चोरून विकलेला भाग या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिला प्रामाणिक आहे. हलक्या भाराच्या, सावकाश फिरणाऱ्या, हाताशी असलेल्या जागी तो लावायला मला मुळीच संकोच वाटत नाही. दुसऱ्यात फसवणूक आहे, आणि बेअरिंगच्या व्यापारात ती इतकी पसरली आहे की मोठ्या उत्पादकांना गिऱ्हाइकांनी माल पडताळून पाहावा म्हणून मोबाइल अ‍ॅप काढावी लागली. डबा पाहून ओळखण्याचे दिवस गेले, कारण नकली माणसे डबे आता सुरेख छापतात. नामांकित बेअरिंग कुणी निम्म्या भावात देऊ लागला तर त्यापेक्षा त्याच भावाचे अनामिक पण स्वतःच्या नावाचे बेअरिंग घ्यावे, असे माझे मत आहे.

काही भाग मात्र कोणत्याच आकड्याने मिळत नाहीत. प्लास्टिकचा एखादा गिअर, विशिष्ट आकाराचे रबरी पाय, छापील विद्युत पट्टी (सर्किट बोर्ड) हे कंपनीचे स्वतःचे असतात आणि कंपनीने ते बनवणे थांबवले की धडधाकट यंत्र निकामी होते. युरोपीय संघाने मार्च २०२१ पासून कपडे धुण्याच्या यंत्रांचे ठरावीक सुटे भाग, शेवटचे यंत्र बाजारात आल्यानंतर निदान १० वर्षे उपलब्ध ठेवणे उत्पादकांना बंधनकारक केले आहे. असे नियम सर्वत्र आणि अधिक प्रकारच्या यंत्रांना लागू व्हावेत असे मला कळकळीने वाटते, कारण मोजता येणारा भाग आपण कुठूनही आणू शकतो, पण ज्याचे माप फक्त एका कंपनीच्या कपाटात आहे त्याच्यासाठी आपण संपूर्णपणे तिच्यावर अवलंबून असतो.

तोपर्यंत दोन वाटा उरतात. पहिली भंगाराची: त्याच मॉडेलचे दुसऱ्या कारणाने मेलेले यंत्र मिळाले तर त्यातून कितीतरी भाग निघतात. पण काढलेले बेअरिंग, सील आणि पट्टा पुन्हा वापरू नयेत. गिअर, पुली, झाकण, स्विच, मोटरचा सांगाडा हेच घ्यावेत. दुसरी वाट लेथवाल्याची. बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती छोटी नळी), स्पेसर, साधी पुली, पिन असे गोल भाग चांगला टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा कारागीर, ब्राँझच्या किंवा नायलॉनच्या दांड्यातून करून देतो. त्याच्याकडे झिजलेला बुश एकटा नेला तर तो त्या झिजलेल्या मापाचाच नवा करून देईल. म्हणून सोबत शाफ्ट आणि तो बुश ज्या घरात बसतो ते घरही न्यावे. शाफ्टचा जो भाग बुशच्या बाहेर राहतो त्याला झीज लागलेली नसते, तिथे व्हर्नियर लावला की मूळ माप मिळते, आणि त्यावर किती खेळ ठेवायचा हे टर्नरला विचारावे. एका जुन्या शिलाई यंत्राच्या बुशसाठी मी अशीच तिन्ही वस्तू घेऊन गेले होते. टर्नरने शाफ्ट तीन जागी मोजला, मधल्या भागाला झीज असल्याचे बोट ठेवून दाखवले आणि बुशला आतून तेलासाठी एक तिरकी खाच आपणहून पाडून दिली, जी मूळ बुशला कधी नव्हती.

यंत्र उघडे असतानाच त्यातली सगळी मापे टिपून ठेवावीत: दोन्ही बेअरिंगचे क्रमांक झाकणाच्या अक्षरांसकट, सीलचे तीन आकडे, पट्ट्याची जात आणि लांबी, कपॅसिटरचे मायक्रोफॅरड आणि व्होल्ट, बदलल्याचे वर्ष. मी ती कायमच्या शाईने यंत्राच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिते, कारण वही हरवते आणि झाकण यंत्रासोबतच राहते. पुढच्या वेळी आवाज बदलला की यंत्र उघडण्याआधीच काय लागणार हे ठाऊक असते, ते चालू असतानाच चार ठिकाणी भाव विचारता येतात आणि निकड नसल्यामुळे पहिल्या दुकानात सांगितलेला पहिला भाव मान्य करावा लागत नाही.